विणकरांनी काय वाचवलं? पोलीस ॲक्शननंतरच्या मराठवाड्याची गोष्ट

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव घनसावंगी, जिल्हा जालना. आजचा भाग आपल्याच भागाच्या इतिहासावर आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत.

सध्या जगभरातल्या विद्यापीठांत एका प्रश्नावर भरपूर पीएचडी होतात. सशस्त्र संघर्ष पेटला की एकाच परिसरातली दहा गावं जळतात, पण मधलंच एखादं गाव शाबूत राहतं. ते का? कोलंबिया, बोस्निया, नायजेरिया, इंडोनेशिया अशा देशांत जाऊन संशोधक हे शोधतात. इंग्रजीत याला 'कम्युनिटी रेझिलिअन्स' म्हणतात. मला आपला 'तग धरणं' हा शब्द पुरेसा वाटतो.

हा प्रश्न वाचला तेव्हा माझ्या डोक्यात आधी आलं ते १९४८. कारण आपल्याकडची जुनी माणसं आजही काळ सांगताना 'रझाकारीत' नाहीतर 'पोलीस ॲक्शनच्या वक्ताला' असं म्हणतात. कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, कोणती विहीर कधी खणली, सगळं या दोन खुणांवरून.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणू. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी यातला बराचसा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि घनसावंगी अंबड तालुक्यात. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात एकूण १६ जिल्हे, त्यातले पाच मराठी: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. आपल्या दक्षिणेला गोदावरी, पलीकडे बीड, तेही निजामाचंच. जालन्यावरून उत्तरेला निघालात की देऊळगाव राजा, तिथून वऱ्हाड सुरू. १५ ऑगस्ट १९४७ ला वऱ्हाडात तिरंगा फडकला. आपल्याकडे तो फडकवणाऱ्याला तुरुंग होता.

निजाम मीर उस्मान अली खान यांना संस्थान स्वतंत्र ठेवायचं होतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. स्वामीजींना ऑगस्ट १९४७ मध्येच अटक झाली. त्यांचे कार्यकर्ते सरहद्दीपलीकडे उमरखेड, बार्शी अशा ठिकाणी शिबिरं उभारून तिथून सशस्त्र लढा देऊ लागले. दुसऱ्या बाजूला इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचं स्वयंसेवक दल, म्हणजे रझाकार. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करायचा.

रझाकारांनी काय केलं, हे आपण लहानपणापासून ऐकलंय: लूट, जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं हत्याकांड आजही लोकांच्या बोलण्यात येतं. हजारो कुटुंबं घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. एक गोष्ट मात्र आपल्या सांगण्यात कमी येते. रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हावं असं उघड लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

मग १३ सप्टेंबर १९४८. भारतीय फौजा चारी बाजूंनी शिरल्या. १४ तारखेला औरंगाबाद ताब्यात आलं, जालन्याकडे निजामाच्या सैन्यानं चांगलाच प्रतिकार केला. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. पाच दिवसांत विषय संपला. आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो ते याचं, आणि करायलाच पाहिजे. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथं थांबते.

गावांमध्ये ती थांबली नाही.

कल्पना करा. जुना अंमल कोसळलाय. पाटील, पोलीस, तहसील यातलं कोण कुणाचं ऐकतंय, कुणालाच ठाऊक नाही. नवी व्यवस्था अजून गावात पोचलेली नाही. सर्व्हर बंद झालाय आणि बॅकअप अजून सुरू व्हायचाय, तसं समजा. या मधल्या दिवसांत वर्षभराचा राग बाहेर आला. तो रझाकारांवर निघाला असता तर वेगळी गोष्ट होती. पण रझाकार पळून गेले होते नाहीतर पकडले गेले होते. समोर उरला तो गावातला साधा मुसलमान, जो कदाचित कधीच त्यांच्यात नव्हता.

बातम्या दिल्लीपर्यंत गेल्या. तेव्हा नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना सद्भावना मंडळ म्हणून पाठवलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबर १९४८ पर्यंत त्यांनी १६ पैकी नऊ जिल्हे पाहिले. शहरं पाहिली, २३ गावांत स्वतः गेले आणि न पाहिलेल्या आणखी १०९ गावांतल्या ५०० हून जास्त लोकांशी बोलले.

त्यांचा अंदाज, तोही हात राखून केलेला: पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मिळून किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सगळ्यात जास्त. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक. म्हणजे आपला जिल्हाही यादीत आहे. मारणाऱ्यांत सरहद्दीपलीकडून आलेल्या टोळ्या होत्या, गावातली माणसं होती आणि काही ठिकाणी सैनिक-पोलिसांचाही हात होता, असं हा अहवाल म्हणतो. रझाकारांबद्दलही तो स्पष्ट आहे: त्यांनी गावागावावर महिन्याची खंडणी बसवली होती आणि जिथं लोकांनी नकार दिला तिथं लूट व्हायची.

सरकारनं हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो लोकांसमोर यायला कितीतरी दशकं गेली.

आता मुख्य मुद्दा. याच अहवालात थोडक्यात एक नोंद आहे, आणि माझ्या मते अख्ख्या अहवालात आपल्या पिढीच्या सर्वात कामाची तीच आहे. काही हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, असं ते लिहितात. आणि पुढं म्हणतात की एका धंद्यातल्या लोकांमधला जिव्हाळा यात विशेष दिसला. उदाहरण देतात विणकरांचं. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूनं जमावासमोर उभे राहिले आणि काहींनी त्यात प्राणही गमावले. पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांना परत आणायलाही कितीतरी हिंदूंनी मदत केली.

विणकरच का? अहवाल याचं उत्तर देत नाही, मी माझा अंदाज सांगतो. हातमाग हे एकट्याचं काम नव्हे. ताण्याला खळ लावायला लांब मोकळी जागा लागते आणि चार-पाच जणांचे हात लागतात. सूत आणायचं तो व्यापारी सामाईक, त्याची उधारी सामाईक, बाजार पडला की उपासमारही सामाईक. साळी असो, कोष्टी असो की मोमीन, शेजारच्याचा माग बंद पडला तर आपल्याही कामाला खीळ बसते. शेजारी सणाला शिरखुर्मा देतो म्हणून माणूस कुऱ्हाडीसमोर उभा राहीलच असं नाही. ज्याच्याबरोबर वीस वर्षं रोज सूत ओढलंय, त्याच्यासाठी राहण्याची शक्यता जास्त.

जगभरातलं संशोधनही याच दिशेनं जातं. आशुतोष वार्ष्णेय यांचं २००२ चं हिंदू-मुस्लिम दंग्यांवरचं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांचं म्हणणं असं: खेड्यात रोजची ऊठबस शांतता राखायला पुरू शकते. शहरात मात्र ती अपुरी पडते, तिथं दोन्ही समाजांच्या एकत्र संघटना लागतात. व्यापारी मंडळं, युनियन, क्लब असं काहीतरी, ज्यात भांडण झालं तर दोघांचाही तोटा आहे.

याना क्राउझ या संशोधिकेनं इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरच्या वायामे या वस्तीचा अभ्यास केला. १९९९ पासून तिथं ख्रिश्चन-मुस्लिम संघर्षात आसपासच्या वस्त्या जळत होत्या. वायामेनं वीस जणांची समिती केली, दहा ख्रिश्चन, दहा मुसलमान. अफवा आली की आधी दोन्ही बाजूंनी खातरजमा. बाहेरचे लढणारे आले की त्यांच्याशी बोलणी. वस्ती वाचली.

आणि महाराष्ट्रातलं भिवंडी घ्या, पुन्हा यंत्रमागांचं गाव. १९७० आणि १९८४ ला तिथं भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. गल्लीतली दोन्ही धर्मांची माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसायचे, शांततेच्या दिवसांतही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

तिन्हीकडे सारखं काय दिसतं? आग लागल्यावर ओळख काढून भागत नाही. वायामेत आणि भिवंडीत माणसांनी बसून पद्धत ठरवली होती, विणकरांच्या बाबतीत ती रोजच्या कामातूनच तयार झाली होती.

इथं एक सावधगिरी हवी. 'आपली गावं मुळातच चांगली' असं म्हणून मोकळं होता येत नाही. ४० हजारांचा आकडाही याच गावांचा आहे. विणकरांचं उदाहरण अहवालात वेगळं काढून लिहावं लागलं, कारण ते सर्रास घडत नव्हतं. आणि लोक तग धरतात म्हणून सरकारची जबाबदारी कमी होत नाही. त्या मधल्या दिवसांत गावात पोचणं हे सरकारचंच काम होतं.

आता आपल्याकडे बघू. घनसावंगीत आज आठवडी बाजार आहे, अडत आहे, ऊसतोडीच्या टोळ्या आहेत, गॅरेज आहेत, क्रिकेटच्या टीम आहेत. यातल्या किती ठिकाणी सगळ्या जाती-धर्मांची पोरं एकत्र काम करतात आणि किती ठिकाणी आपापले गट झालेत? व्हॉट्सॲपवरचे किती ग्रुप मिश्र आहेत? एखादा व्हिडिओ फिरायला लागला की खातरजमेसाठी फोन करावा असा पलीकडच्या मोहल्ल्यातला एक तरी नंबर तुमच्याकडे सेव्ह आहे का? माझ्या मते तग मोजायची ही साधी चाचणी आहे.

दुसरं काम घाईचं आहे. १९४८ साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. कुणी कुणाला कोठ्यात लपवलं, कुणी वाट दाखवली, कुणी दार लावून घेतलं, हे सरकारी कागदात फारसं सापडायचं नाही. ते या माणसांपाशी आहे आणि त्यांच्याबरोबर जाईल. फोन तुमच्या खिशात आहे. आजी-आजोबांपाशी बसा, परवानगी घ्या, रेकॉर्डर चालू करा. 'रझाकारीत काय झालं?' हे विचाराच, पण तिथं थांबू नका. 'पोलीस ॲक्शननंतर गावात काय झालं?' हेही विचारा. पहिल्याचं उत्तर पटकन येतं. दुसऱ्याला वेळ लागतो, तेव्हा मध्ये बोलू नका. आणि कुणाची नावं आली तर ती लगेच ग्रुपवर टाकू नका, त्यांची नातवंडं आजही गावात राहतात.

१७ सप्टेंबरला रामानंद तीर्थांचं नाव घ्या, लढलेल्यांचं घ्या, शोएबुल्ला खानांचंही घ्या. ज्या विणकरांची नावं अहवालात लिहिली गेली नाहीत, त्यांच्यातल्या एखाद्याचं नाव तुमच्या आजीला माहीत असू शकतं.

मग भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.