पोहणारे अंगावरचे केस का काढतात?

१९५६ साली मेलबर्नला ऑलिंपिक सामने झाले. त्यात ऑस्ट्रेलियाच्या जॉन हेन्रिक्सने १०० मीटर मुक्तशैलीची शर्यत जिंकली, तर मरे रोझने तीन सुवर्णपदके मिळवली. या पोहणाऱ्यांनी शर्यतीपूर्वी अंगावरचे केस काढून टाकले होते. पुढे ही रीत जगभरच्या स्पर्धकांनी उचलली. आज तिशी-चाळिशीत जिद्दीने पोहायला शिकणाराही विचारतो : केस काढले तर मला लवकर जमेल का?

जिंकणारा करतो म्हणून ते उपयोगी, असे आपण म्हणू शकत नाही. पुरावा पाहायला हवा. अमेरिकेतील शार्प आणि कॉस्टिल यांचा एक प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी १३ महाविद्यालयीन पोहणाऱ्यांना सुमारे ३६६ मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहायला लावले. नंतर ९ जणांनी केस काढले, ४ जणांनी तसेच ठेवले. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा केस काढलेल्यांच्या रक्तातील लॅक्टेट (श्रमाची एक खूण) कमी भरले आणि एका स्ट्रोकमध्ये कापलेले अंतर २.०७ मीटरवरून २.३१ मीटर झाले. उरलेल्या चौघांच्या लॅक्टेटमध्ये बदल दिसला नाही.

याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. दोरीने एका जागी बांधून पोहायला लावले, तेव्हा केस काढल्याचा काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे स्नायूंची ताकद वाढली नव्हती. कमी झाला होता तो पुढे सरकताना होणारा पाण्याचा विरोध. अर्थात, आपले केस काढले आहेत हे खेळाडूंना ठाऊक होते, हेही आपण ध्यानात ठेवू.

मग नवशिक्याने वस्तरा हाती घ्यावा का? पाण्याचा विरोध तीन प्रकारचा असतो : त्वचेशी होणारे घर्षण, शरीराच्या आकारामुळे होणारा विरोध आणि लाटा उठवण्यात खर्ची पडणारी शक्ती. केसांचा संबंध मुख्यतः पहिल्याशी. नवशिका श्वासासाठी डोके वर काढतो, त्याबरोबर कंबर व पाय खाली जातात आणि पाण्याला अंगाचा मोठा भाग आडवा येतो. या दुसऱ्या विरोधापुढे केसांमुळे होणारी बचत नगण्य ठरते. शिवाय विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे सावकाश पोहणाऱ्याची बचतही थोडीच.

नेदरलँड्समधील तूसाँ आणि सहकाऱ्यांनी १९९० साली पट्टीचे पोहणारे आणि ट्रायथलॉनपटू यांची तुलना केली. ट्रायथलॉनमध्ये पोहण्याबरोबर सायकल व धावणेही असते, तेव्हा दमाच्या बाबतीत हे खेळाडू कमी नव्हते. पण पोहणाऱ्यांच्या शक्तीपैकी ६१ टक्के पुढे जाण्याच्या कामी येत होती, ट्रायथलॉनपटूंची ४४ टक्केच. बाकीची पाणी मागे लोटण्यात वाया जात होती. फरक तंत्राचा होता.

विद्यार्थ्यांना हे सहज पडताळता येईल. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, उथळ पाण्यात भिंतीला पायाने रेटा देऊन नुसते सरकत जावे. एकदा डोके वर ठेवून, एकदा दोन्ही हातांमध्ये खाली घेऊन. प्रत्येकी पाच वेळा अंतर मोजावे आणि सरासरी काढावी. ती हाती आली, की वस्तरा आधी की तंत्र आधी, हे वेगळे सांगावे लागणार नाही.