सावली कोणाच्या वाट्याला?

मे महिन्यात दुपारी वस्तीत फिरताना एक गोष्ट दर वर्षी दिसते. चिखलीत मोठ्या रस्त्याला कडुनिंब भेटतो, बंगल्यांच्या आवारात आंबा असतो. आमच्या गल्लीत शिरलं की वर फक्त तापलेले पत्रे. बाया विहाराच्या भिंतीच्या सावलीत सरकत सरकत बसतात. सावलीचीही वाटणी झालेली आहे, मित्रांनो.

सम्राट अशोकाने टोपऱ्याच्या स्तंभावर (तो आज दिल्लीत फिरोजशहा कोटल्यात आहे) कोरून ठेवलं की रस्त्यांवर वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या. कोणासाठी? पशूंसाठी आणि माणसांसाठी. त्यात वर्ण नाही. पुढे तो प्रामाणिकपणे हेही सांगतो की अशा सोयी आधीच्या राजांनीही केल्या होत्या. म्हणजे झाड लावणं हे राज्याचं कर्तव्य, हा विचार त्याच्याही आधीचा. त्याच देशात १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला!

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला छप्पर मिळालं नाही, तेव्हा मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांनी काही तास कामाठी बागेत काढले. सयाजीरावांच्या काळात, १८७९ साली उभी राहिलेली ती सार्वजनिक बाग. ज्याला घर नाकारलं जातं त्याच्यासाठी सार्वजनिक झाडाचा अर्थ काय, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रासाठी वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. नगरपालिकाही त्यात येतात. वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी झाडं मोजायची, कोणत्या भागात किती आणि कोणती झाडं असावीत याचं प्रमाण ठरवायचं. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं. चांगलंच आहे, पण ज्या वस्तीत पन्नास वर्षांत झाडच लावलं नाही तिथे वारसा कुठून येणार? २०१९ ला राज्याने ३३ कोटी रोपांचा संकल्प केला. आमच्याकडेही एका कार्यक्रमात रोपं लागली, फोटो निघाले. पाणी घालायचं कोणी, हे ठरलंच नव्हतं. उन्हाळ्यात काड्या उरल्या.

(आपल्यालाही एक सांगतो: बोधिवृक्षाच्या प्रेमापोटी विहाराच्या भिंतीला चिकटून पिंपळ लावू नका, मुळं भिंत फोडतात. मोकळ्या जागेत लावा. अरुंद गल्लीत कडुनिंब, करंज बरा.)

यंदा माहिती अधिकारात एवढंच मागा: शेवटची वृक्षगणना कधी झाली, आणि वॉर्डनिहाय झाडं किती? आपल्या वॉर्डाचा आकडा हातात आला की पुढचं बोलणं प्राधिकरणासमोर.