काचतंतूंतील प्रकाशवहन : तत्त्वाचा आणि क्षयाचा इतिहास

भोर तालुक्यातील किकवीसारख्या गावी विहिरीत बुडी मारून वर पाहणाऱ्यास बाहेरचे सारे जग डोक्यावरील एका प्रकाशित वर्तुळात सामावलेले दिसते. त्या वर्तुळापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन विहिरीच्याच भिंती दाखवितो. पाण्यातून हवेकडे निघालेला किरण लंबाशी सुमारे 48.6 अंशांहून मोठा कोन करीत असेल, तर तो बाहेर न पडता सर्वस्वी आत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन होय. केप्लरने ते काचेच्या बाबतीत 1611 मध्येच नोंदविले होते. कोलॅडोनने 1841 मध्ये जिनीव्हा येथे पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश नेऊन दाखविला. ह्या प्रयोगाचे श्रेय पाठ्यपुस्तके बहुधा टिंडलला देतात. परंतु त्याचे प्रात्यक्षिक 1854 चे, म्हणजे तेरा वर्षांनंतरचे आहे.

तत्त्व इतके जुने असता उपयोगास इतका विलंब का लागला, हा खरा प्रश्न आहे. उघड्या काचतंतूत परावर्तन त्याच्या बाह्य पृष्ठावरच घडते. तेथे तेल, धूळ अथवा शेजारचा तंतू चिकटला की प्रकाश त्या जागी झिरपून जातो. 2 जानेवारी 1954 च्या ‘नेचर’च्या अंकात ह्या विषयावर दोन लेख आले. हॉपकिन्स व नरिंदरसिंग कपानी ह्यांनी हजारो उघड्या तंतूंच्या 75 सें. मी. लांबीच्या जुडग्यातून प्रतिमा नेली. तर हॉलंडमधील व्हान हील ह्यांनी तंतूवर कमी वक्रीभवनांकाचे आवरण चढविण्याची युक्ती मांडली. आवरणामुळे परावर्तनाची सीमा आत, सुरक्षित जागी जाते. प्रतिमेचे यश अधिक गाजले. पुढील शास्त्राच्या दृष्टीने आवरणाचे महत्त्व मात्र अधिक मानावे लागते.

तरीही आवरणाने काचेतील शोषण थांबत नाही. त्या काळच्या उत्तम तंतूतही दर किलोमीटरला सुमारे 1000 डेसिबेल क्षय होई; अर्थात अवघ्या 20 मीटरांनंतर शेकडा एक भाग प्रकाश उरे. चार्ल्स काव व हॉकहॅम ह्यांनी 1966 मध्ये दाखविले की, हा दोष मुख्यतः काचेतील अशुद्ध द्रव्यांचा आहे, आणि क्षय किलोमीटरला 20 डेसिबेलवर आणल्यास दूरसंदेशवहन शक्य होईल. तेवढाच शेकडा एक भाग मग 20 मीटरांऐवजी पुऱ्या किलोमीटरनंतर उरणार होता! अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक व शुल्ट्झ ह्यांनी 1970 मध्ये ती मर्यादा ओलांडली.

काव ह्यांना 2009 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा कपानींवर अन्याय झाल्याची भावना भारतात व्यक्त झाली. ती स्वाभाविक होती; परंतु पारितोषिक संदेशवहनासाठी होते आणि 1954 चे कार्य प्रतिमावहनाचे. कपानींचे मोठेपण मान्य करूनही हा भेद पुसता येत नाही.

कॉर्निंगच्या यशानंतर नऊच वर्षांनी, 1979 मध्ये, भारतातील पहिली प्रकाशतंतू-यंत्रणा स्थानिक दूरध्वनी केंद्रे जोडण्यासाठी पुण्यात कार्यान्वित झाली. शहरातील दोन केंद्रांमधील अंतर थोडके. अल्प क्षयाचा तंतू ते मधे प्रवर्धक न बसविता ओलांडू शकतो. पुढे नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठीही तंतूच निवडण्यात आले. तेथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी असून उरलेल्या 16 तीन लांब भुजांवर विखुरल्या आहेत. त्या सर्वांनी टिपलेले क्षीण आकाशीय संकेत तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत आणून तेथे एकत्र केले जातात.