हरलेल्यांतला पहिला

आपल्याकडे निवडणुकीत पडलेला उमेदवार म्हणजे संपला. गुलाल दुसऱ्याच्या कपाळाला लागतो आणि हा मागल्या दाराने घरी येऊन पाच वर्षे हिशेब करीत बसतो. पडलेल्या माणसाला सन्मानाने बोलावून विधिमंडळात खुर्ची द्यायची, अशी तजवीज एका देशाच्या घटनेतच आहे, असे मी नागरिकशास्त्राच्या तासाला सांगितले तेव्हा वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे नापासांत पहिला आला की वरच्या वर्गात!" उत्तर तसे चुकीचे नव्हते. पण या सोयीमागे रक्त सांडलेले आहे आणि भयाने काळवंडलेली काही वर्षे आहेत.

तो देश म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातले एवढेसे बेट. गंमत अशी की या बेटाला मूळचा रहिवासी असा कोणी नाहीच. जो आहे तो बाहेरून आलेला. डच आले नि गेले. फ्रेंचांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम आणून उसाची लागवड केली. १८१० साली बेट इंग्रजांच्या हाती पडले. गुलामगिरी कायद्याने गेली आणि उसाला हात कमी पडू लागले, तेव्हा १८३४ पासून हिंदुस्थानातून कराराचे मजूर जहाजांत भरून नेण्यात आले. पुढल्या सत्तरऐंशी वर्षांत अशी साडेचार लाखांहून अधिक माणसे त्या किनाऱ्याला लागली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडची, काही तमिळ, काही तेलुगू. आणि मुंबई बंदरातून चढलेली आपली कोकणातली माणसेही त्यांत होती. त्यांच्या वंशजांनी कोकणातली जाखडी 'झाकरी' या नावाने अद्याप जिवंत ठेवली आहे, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ही मराठी माणसे घटनेच्या कोणत्या रकान्यात बसली, ते पुढे येईलच.

मताचा हक्क आरंभी मूठभर मिळकतदारांचाच होता. १९४८ च्या निवडणुकीआधी अट सैल झाली: ठरलेल्या भाषांपैकी एखादीत साधी वाक्ये लिहितावाचता आली की मत. या यादीत हिंदुस्थानी, तमिळ, तेलुगू अशा मजुरांच्या घरच्या भाषा होत्या. बासदेव बिसुनदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगाव संध्याकाळचे वर्ग काढले. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे कंदिलापाशी बसून अक्षरे गिरवू लागली, कारण अक्षरांच्या पलीकडे मतपेटी होती. मतदार बारा हजारांच्या आसपास होते, ते सत्तर हजारांवर गेले. साक्षरतेचे पुष्कळ कार्यक्रम मी पाहिले आहेत आणि त्यांच्या नोंदवह्याही भरल्या आहेत. परंतु इतके रोखठोक कारण हाती असलेला दुसरा कार्यक्रम माझ्या ऐकिवात नाही.

१९५९ साली प्रत्येक प्रौढाला मत मिळाले आणि मग खरी धास्ती सुरू झाली. हिंदूंची संख्या निम्म्याहून थोडी अधिक. शिवसागर रामगुलाम यांचा मजूर पक्ष स्वातंत्र्य मागत होता. बाकीच्यांना वाटू लागले की इंग्रज गेला की हिंदूंचे राज्य येणार. गाएतां दुवाल यांच्या पक्षाने या धास्तीला तोंड दिले, आणि क्रेओल वस्त्यांतून त्यांना भरभरून पाठिंबा मिळाला. मुसलमानांचे पुढारी अब्दुल रझाक महंमद रामगुलामांबरोबर आले खरे, पण आपल्या समाजाच्या जागांची हमी घेऊनच.

ही हमी द्यायची कशी? स्वतंत्र मतदारसंघ केले तर काय होते, हे हिंदुस्थानने फाळणीपर्यंत जाऊन पाहिले होते. १९६६ साली बॅनवेल कमिशनने एक योजना सुचवली. तिच्यावर गदारोळ उठला, तेव्हा लंडनहून जॉन स्टोनहाउस नावाचे उपमंत्री समेट घडवायला आले. (हेच गृहस्थ १९७४ साली मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून बुडाल्याचा देखावा करून पसार झाले आणि पुढे ऑस्ट्रेलियात सापडले. कादंबरीत घातले असते तर संपादकांनी प्रकरण परत पाठवले असते.) समेट असा ठरला: वीस मतदारसंघांतून तीनतीन आणि रॉड्रिग्ज बेटाचे दोन, असे बासष्ट सभासद सर्वांच्या मतांनी निवडायचे. त्यावर आठ जागा हरलेल्यांसाठी. उमेदवाराने अर्जातच आपला समाज लिहायचा. निकालानंतर ज्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने जागा कमी पडल्या असतील, त्यातल्या पराभूतांपैकी ज्याला मतांचे शेकडा प्रमाण सर्वांत अधिक, तो आत. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता. उरलेल्या चार पक्षांचे पारडे पुन्हा बरोबर करण्यासाठी. एका हाताने समाजाचा तोल, दुसऱ्या हाताने पक्षाचा.

७ ऑगस्ट १९६७ ला मतदान झाले. रामगुलामांच्या आघाडीला ३९ जागा, दुवालांना २३. मते मात्र शेकडा ५६ विरुद्ध ४४ च्या घरात, म्हणजे जवळजवळ अर्धे बेट स्वातंत्र्याच्या विरोधात! हरलेल्यांच्या आठ जागा दोन्हीकडे चारचार वाटल्या गेल्या. तरीही १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत क्रेओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगल उसळली, वीसहून अधिक माणसे मेली, ब्रिटिश फौज बोलवावी लागली. १२ मार्चला झेंडा चढला तो आणीबाणीतच.

आता ते रकाने. घटनेत समाज चार: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि ज्याच्या राहणीवरून तो या तिघांत बसत नाही असे दिसते तो चौथा, 'सर्वसाधारण लोक'. त्यामुळे साखर कारखान्याचा गोरा मालक आणि त्याच्या पूर्वजांनी विकत घेतलेल्या गुलामाचा पणतू एकाच रकान्यात आले. घरी भोजपुरी बोलणारे दोन शेजारी, धर्म निराळे म्हणून, दोन रकान्यांत गेले. आणि तमिळ, तेलुगू व आपले मराठी हिंदूंत जमा झाले. घटनेने जमा केले तरी मनाने नाही. १९९८ साली नव्या नोटांवर हिंदी अक्षरे तमिळच्या वर छापली गेली, तेव्हा तमिळ लोक इतके खवळले की नोटा मागे घेऊन क्रम बदलावा लागला.

चौथ्या रकान्याची गोष्ट अधिक कडू आहे. १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा क्रेओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट काही दिवस पेटले. सभागृहात क्रेओलांचे हात मोजून भरले होते. पण त्यांच्या वस्त्यांतले दैन्य कुणी मोजले नव्हते. खुर्ची मिळाली की समाजाला न्याय मिळाला, असे मानण्याची सवय आपल्यालाही अपरिचित नाही.

मला विचाराल तर १९६७ ला ही तोड बरी होती. भ्यालेल्या माणसाला आधी आत बसवावे, वाद मागाहून घालावा. १९८२ साली विरोधकांनी साठच्या साठ जागा जिंकल्या आणि राष्ट्रपित्यासारखे मानले गेलेले रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पडले, तेव्हा पराभूत पक्षांना सभागृहात तोंड मिळाले ते याच दाराने. असे ६०-० पुढे १९९५ साली आणि २०२४ सालीही झाले.

परंतु तात्पुरता टेकू घराचा खांब होऊन बसला. १९७२ नंतर शिरगणतीत समाज विचारणे बंद झाले, ते एकोप्यासाठी. मग जागा कशावर मोजायच्या? १९८२ साली घटनाच दुरुस्त करून ठरले की आकडे १९७२ चेच. काही तरुणांनी अर्जात समाज लिहायचे नाकारले. त्यांचे अर्ज बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले, आणि २०१२ साली तिने सांगितले की ताजे आकडे नसताना ही सक्ती करणे मनमानी आहे. २०१४ च्या निवडणुकीपुरती सवलत मिळाली: समाज लिहू नका, पण मग हरल्यावर खुर्चीही मागू नका. २०१९ ला सवलत गेली आणि रकाना परत आला.

१९७२ च्या त्या शिरगणतीत पाळण्यात मोजली गेलेली मुले २०२४ च्या मतदानाला पन्नाशी ओलांडून आली. काही जण नातवंडे कडेवर घेऊन आले असतील. निकालानंतर कोणता समाज किती कमी पडला, ते पाहण्यासाठी पुन्हा तीच जुनी वही उघडली गेली.