घरासाठी स्वस्तात कॉम्प्युटर जुळवायचाय? नुसत्या ‘आय फाइव्ह’ शब्दाला भुलू नका

घरात माणशी एक स्मार्टफोन असतो, तरी कॉम्प्युटरवाचून अडतंच. अकरावीचा प्रवेश अर्ज, दोनशे केबीच्या आत बसवायची पीडीएफ, मुलीचा प्रोजेक्ट, एमएस-सीआयटीचा सराव, बाबांचं इन्कम टॅक्स रिटर्न. फोनवर हे सगळं होतं म्हणतात, पण अर्ध्या अर्जात पान गायब झालं की कळतं. मग सायबर कॅफे गाठायचा आणि आधार-पॅनच्या प्रती परक्याच्या मशीनमध्ये ठेवून यायचं.

नवा लॅपटॉप घ्यायचा तर तीस-पस्तीस हजारांच्या खाली धड काही हाती लागत नाही. डेस्कटॉपचं गणित मात्र वेगळं आहे, आणि पुण्यात विश्रांतवाडी, टिंगरेनगर, धानोरी या भागात राहणाऱ्यांसाठी तर ते आणखी सोपं आहे. कारण शेजार. येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर, खराडी हा सगळा आयटी कंपन्यांचा पट्टा इथून जवळ. मोठ्या कंपन्या आपले डेस्कटॉप साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलतात. मशीन बिघडलेलं असतं म्हणून नव्हे, तर वॉरंटी किंवा भाडेकरार संपतो म्हणून. ही मशीन घाऊक भावात व्यापाऱ्यांकडे जातात, साफ होतात, त्यांत एसएसडी बसते आणि ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकली जातात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. घरात अभ्यास, अर्ज, यूट्यूब, व्हिडिओ कॉल आणि टायपिंग एवढंच काम असेल, तर सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर जुळवण्यापेक्षा असं ऑफिसचं मशीन घेऊन त्यात दोन गोष्टी सुधारणं जास्त परवडतं. पण ते ओळखून घ्यावं लागतं, आणि फसवणूक होते ती नेमकी इथेच.

‘आय फाइव्ह, आठ जीबी, पाचशे जीबी, फक्त नऊ हजार!’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. यात खोटं काहीच नसतं. फक्त ‘आय फाइव्ह’ हे प्रोसेसरच्या वर्गाचं नाव आहे, वयाचं नाही, आणि इंटेल ते २००९ पासून वापरते आहे. वय कळतं पुढच्या आकड्यावरून. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ ची. ४५७० म्हणजे चौथी. ८५०० म्हणजे आठवी, २०१८ ची. दहाव्या पिढीपासून आकडा पाच अंकी होतो आणि पहिले दोन अंक पिढी सांगतात, जसं १०४००.

आठवी पिढी ही इथली सीमारेषा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. जुन्या मशीनवर आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे दुकानदार आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवरून घरची नेट बँकिंग होणार, तिथे हा धोका का घ्यायचा?

फरक नुसत्या अपडेटचाही नाही. सातव्या पिढीच्या आय फाइव्ह ७५०० मध्ये चार कोअर आहेत, तर ८५०० मध्ये सहा. आठव्या पिढीचा आय थ्री ८१०० सुद्धा चार कोअरचा आहे, म्हणजे तो तिसऱ्या पिढीच्या ‘आय फाइव्ह’ला आरामात मागे टाकतो. एएमडीतही असाच एक चकवा आहे. रायझन ३ २२००जी हे नाव दोन हजारच्या मालिकेतलं वाटतं, पण आतली रचना आधीच्या पिढीची असल्याने तो विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. ३२००जी बसतो.

आता त्या दोन सुधारणा. पहिली एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि माहिती शोधायला एक छोटा हात त्यावर पुढे-मागे सरकतो. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या जागेवरून उचलाव्या लागतात. एकाच डब्यातलं किलोभर धान्य काढायला वेळ लागत नाही, पण पन्नास डब्यांतून चिमूट चिमूट मसाला काढायचा तर हात थकतो, तसंच हे. एसएसडीत हलणारा भागच नाही. त्यामुळे ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ या तक्रारीवर बहुतेक वेळा प्रोसेसर नाही, एसएसडी हा उपाय असतो. घरासाठी २५६ जीबी पुरते, ५१२ असेल तर उत्तम.

दुसरी रॅम. आठ जीबीवर काम भागतं, सोळा असेल तर ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवणारी मंडळीही सुखात राहतात. शक्यतो आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या. दोन वाटांनी माहिती आली की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला वेग मिळतो. मात्र २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव जगभर कडाडले. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी आहे आणि कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून वापरलेलं मशीन घेताना रॅम आधीपासून पुरेशी असलेलंच निवडा. ‘नंतर टाकू’ हा बेत महागात पडू शकतो.

या ऑफिस मशीनचे स्वभावदोषही माहीत असू द्या. अनेकांत वायफाय नसतं, त्यामुळे यूएसबी डोंगल किंवा राउटरपासून लॅनची वायर लागते. मागे बऱ्याचदा एचडीएमआयऐवजी डिस्प्ले पोर्ट असतं, तेव्हा मॉनिटरची वायर आधी जुळवून पाहा. छोट्या आकाराच्या मॉडेलमध्ये कंपनीचा स्वतःचा वेगळ्या मापाचा एसएमपीएस असतो, तो बाजारात सहज मिळत नाही आणि त्यावर मोठं ग्राफिक्स कार्ड चालत नाही. उलट जमेची बाजू अशी की विंडोजचं लायसन्स बहुधा मशीनसोबतच येतं. नवं लायसन्स विकत घ्यायचं तर दहा हजारांच्या घरात जातं.

मग सुट्या भागांतून नवा कधी जुळवायचा? मुलाला पुढे गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, म्हणजे वाढवत न्यायचा असेल, तर. किंवा घरात कुणाला स्क्रू ड्रायव्हर हातात धरायची हौस असेल, तर. तेव्हा इंटेलचा आय थ्री १२१०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी हे समंजस पर्याय आहेत. दोन्हींत ग्राफिक्स आतच आहे, वेगळं कार्ड लागत नाही. पण १२१०० च्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर दिसलं तर थांबा. १२१००एफ थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय तो लावला तर पंखा फिरेल, दिवे लागतील आणि पडदा काळाच राहील. तसंच ५६०० पुढे ‘जी’ नसेल तर तीच गत.

दुसरा सापळा कॅबिनेटचा. ‘कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट’ ऐकायला छान वाटतं. हा फुकटचा डबा घरच्या विजेचं रूपांतर करून सगळ्या भागांना पुरवतो, तोच निकृष्ट असेल तर जाताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो. ‘८० प्लस’ शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा वेगळा घ्या. कॅबिनेट वाटेल तितकं साधं चालेल, ते टेबलाखालीच राहणार आहे.

मॉनिटरवर मात्र काटकसर नको. मुलांचे डोळे रोज तासन्‌तास त्यावर असतात. बावीस इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेल एवढं सांगा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस अशा मशीनला दहा-पंधरा मिनिटं देतो, लाइट गेल्यावर अर्ज सेव्ह करण्यापुरती ती भरपूर होतात. विजेचं भय बाळगू नका. मशीन आणि मॉनिटर मिळून साध्या कामाला चाळीस-पन्नास वॅट धरले, तरी रोज चार तासांचे महिन्याला पाच-सहा युनिट होतात.

आधीपासून घरात सातव्या पिढीच्या मागचं मशीन पडून असेल तर ते भंगारात देऊ नका. एसएसडी टाकून लिनक्स मिंट बसवा. ते फुकट आहे, लिब्रेऑफिस सोबतच येतं, अपडेटही मिळतात. टॅली किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिस मात्र त्यावर थेट चालत नाही. मराठी टायपिंगची चिंता दोन्हीकडे नाही. इनस्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कीबोर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीच असतो, फक्त सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडायची. जाता जाता, ज्या पुण्यात १९९१ मध्ये सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला, तिथल्या घरातलं हे ‘जुनं’ मशीन गणिताच्या वेगात त्या परमला कितीतरी पटींनी हरवतं.

दुकानात पैसे देण्याआधी मशीन स्वतः चालू करायला लावा. सेटिंग, सिस्टिम, अबाउट इथे प्रोसेसरचा पूर्ण आकडा आणि रॅम दिसते. सिस्टिममध्येच ‘ॲक्टिव्हेशन’ या पानावर विंडोज ॲक्टिव्हेट आहे का तेही पाहा. क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर एसएसडी किती तास वापरली आहे ते दाखवतं. सगळी यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह लावून तपासा, पाच मिनिटं व्हिडिओ चालवून पंख्याचा आवाज ऐका. आणि बिल जीएसटी क्रमांकासह घ्या, त्यावर मशीनचा सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. ‘काही झालं तर आणा, मी बसलोय ना’ हे वाक्य बिलावर छापलेलं नसतं.