माधवराव सप्रे यांची अटक आणि अनुच्छेद २२

रायपूर ही कर्मभूमी मानलेल्या माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी, तर लेखनभाषा हिंदी होती. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू करणाऱ्या सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ काढून टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेले. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात राजद्रोहाच्या १२४ अ कलमाखाली सप्रे यांनाही अटक झाली.

त्या काळी अटकेतील माणसाला काहीच हक्क नव्हते, असे नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार वॉरंटाशिवाय पकडलेल्यास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना चोवीस तासांहून अधिक काळ ठेवता येत नसे. न्यायालयात वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क होता. पोलिसांपुढील कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्याने अग्राह्य ठरविला होता. राजद्रोहाच्या खटल्यात जामीन मात्र न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून राही. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद करणाऱ्या दावर यांनीच १९०८ मध्ये न्यायाधीश या नात्याने तो नाकारला.

सप्रे यांच्यावर दडपण आले ते घरातून. वडीलबंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीनामा दिला आणि नोव्हेंबरात त्यांची सुटका झाली. कोठडीतल्या कबुलीपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यापाशी अशा माफीवर इलाज नव्हता. या माफीचे शल्य सप्रे यांना आयुष्यभर राहिले. त्यांनी माधुकरी मागितली, रामदासी वृत्ती स्वीकारली आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले.

१५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधानसभेत मांडलेला मसुदा पुढे अनुच्छेद २२ झाला. अटकेचे कारण कळणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेले जाणे हे आता मूलभूत हक्क झाले. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धतेला याच अनुच्छेदाने अपवाद ठेवला. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची खबर नातलगाला किंवा मित्राला देणे आणि अटकेच्या टिपणावर साक्षीदाराची सही घेणे बंधनकारक केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेबरोबर १२४ अ कलमही इतिहासजमा झाले.

१९०८ मध्ये ज्या नात्याच्या ओढीने सप्रे यांना नमविले, तेच नाते १९९६ च्या निकालाने कैद्याच्या रक्षणासाठी उभे केले. अटकेचा काळ लोकांच्या नजरेआड जातो. त्या काळात माणूस एकटा पडू नये, हाच या साऱ्या हक्कांचा गाभा आहे.