श्लोक : ऐकू येणारी कीर्ती

बारशाच्या घरी यश, कीर्ती, ख्याती, श्लोक अशी नावे सुचवली जातात. यांतले 'श्लोक' म्हणजे फक्त पद्य नव्हे. संस्कृतात तो 'श्रु', म्हणजे ऐकणे, या धातूशी जोडला जातो. वेदांत त्याचा अर्थ ध्वनी आणि कीर्तीही. ३२ अक्षरांचा छंद ही नंतरची ओळख. म्हणूनच पुण्यश्लोक अहिल्यादेवी म्हणजे जिची कीर्ती पवित्र, ती. ग्रीकांचा 'क्लेऑस' हा कीर्तिवाचक शब्दही याच कुळातला.

कीर्ती आणि कीर्तन सख्खी भावंडे. दोन्हींत मोठ्याने वर्णन करणे आहे. 'ख्याती'त 'ख्या', म्हणजे सांगणे. 'आख्यान'ही त्यातूनच आले. कीर्ती नेहमी इतरांच्या तोंडी वसते, आणि तिथे ती चांगल्या कर्मानेच पोहोचते. म्हणून बाळाला असे नाव देताना आपण त्याला चांगल्या कर्माचाच आशीर्वाद देतो.